समजलं त्यानं उभं राहायचं

गंगाखेडला मी शिकवते त्या शाळेपुढं एसटी थांबत नाही. त्या दिवशी थांबली. माझ्या माहेरचा, ताडकळसचा कंडक्टर फाटकापाशी येऊन म्हणाला, "मंदाताई, बाई गेल्या." कोणत्या बाई हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या गावाला बाई एकच... यशोदाबाई. विद्यापीठाचं नामांतर झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच काय ते सुख. बाकी मला अजून रडूसुद्धा धड आलेलं नाही.

बाई गावातल्या शाळेत शिकवायच्या, राहायच्या ओढ्यापलीकडं, बौद्धवाड्यात. दहावीत गटांगळी खाल्लेल्या पोरापोरींची त्या रोज संध्याकाळी समाजमंदिरात फुकट शिकवणी घेत. गणितानं मलाही आडवं केलं होतं. माझे वडील, दादा, बोलून बसले होते, "ऑक्टोबरात निघाली तर निघाली, न्हाईतर लग्नाचा बार उडवून टाकू." दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यातच नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण ओढ्याच्या अलीकडची पोरं पलीकडं जायची थांबली. मलाही बंदी झाली. आणि भाद्रपदात गॅस्ट्रोची साथ आली. शाळा बंद, बाजार बंद, चार माणसांनी एका जागी जमायचं नाही. समाजमंदिरात फळ्याच्या खिळ्याला सलाईनच्या बाटल्या लटकल्या. आता बाईंची बौद्धवाड्यातली पोरंही घरी बसली.

बाई घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका संध्याकाळी त्या आपल्या माळवदावर चढल्या. आमच्याकडं घरांना मातीची सपाट छपरं असतात, त्यांना माळवद म्हणतात. दवंडीवाल्यानं हात जोडावेत असा बाईंचा आवाज. "आपापल्या माळवदावर बसा रे! कुणी कुणाच्या घरी जायचं न्हाई!" फळ्यावरचं लांबून दिसेना, म्हणून त्या गणित ओरडून सांगायच्या आणि आम्ही पाटीवर सोडवायचं. पाट्या तपासणार कशा? त्यावर बाईंनी नियम काढला, "समजलं त्यानं उभं राहायचं. एक जण जरी बसलेला असला, तरी मी पुढं जायची न्हाई."

आमचं घर ओढ्याच्या काठालाच. मीही पाटी घेऊन वर गेले. दादा खालून कडाडले, "पोरगी त्यांच्याकडं शिकायलीय?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्याकडं कुठं? आपल्याच माळवदावर हाय की. मुगाच्या शेंगा राखायलीय." मुगाचं वाळवण आमच्याकडं त्या साली फारच लांबलं.

बाईंच्या शेजारचं माळवद चंद्रकलेचं. ती नेहमी सगळ्यांत शेवटी उठायची. डोकं मंद नव्हतं तिचं, खोटं उभं राहणं तिला जमत नव्हतं. "न्हाई बाई, अर्धंच समजलं," असं खुशाल ओरडायची. आम्ही वैतागायचो आणि बाई खूश व्हायच्या. तिच्यामुळं आमचं प्रत्येक गणित दोनदा व्हायचं. मी पास झाले ती त्या दुसऱ्या वेळेमुळं.

एके दिवशी तिचं माळवद रिकामं दिसलं. सकाळी तिला बैलगाडीत घालून परभणीला नेलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. धडा झाला, आम्ही सगळे उभे राहिलो. तेवढ्यात गाडी परत आली आणि चंद्रकलेच्या आईनं हंबरडा फोडला. बाई त्या रिकाम्या माळवदाकडं बघत राहिल्या... आणि त्यांनी तेच गणित पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मग पुन्हा एकदा. आवाज फुटला, तरी सांगतच होत्या. शेवटी कुणीतरी त्यांना धरून खाली नेलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वर आल्या, परीक्षेपर्यंत रोज आल्या. पण "झालं" म्हणण्याआधी एकदा शेजारी बघायच्या, ते कायमचं. वर्गात शिकवतानासुद्धा त्यांची मान तशी वळायची.

मी पास झाले. पेढे घेऊन दादा जन्मात पहिल्यांदा ओढा ओलांडून गेले आणि बाईंच्या दारात अवघडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "आत या, दादा. पाणी घ्या. भिऊ नका, उकळलेलं हाय." दादा आत गेले आणि तांब्याभर पाणी प्याले. माझ्या लग्नाचा विषय त्यांनी पुढं पाच वर्षं काढला नाही.

परवा गावात शोकसभा झाली, त्याच समाजमंदिरात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची माणसं आली होती. भाषणं झाली, मग सरपंच म्हणाले, "बाईंना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहू." सगळे उठले. माझ्या शेजारच्या एकीनं मला कोपरानं ढोसलं, तरी मला उठवेना. बाई गेल्या म्हणजे काय झालं, हे मला अजून समजलेलं नाही. मान खाली घालून मी तशीच बसून राहिले... एक जण बसलेला असला, तर बाई पुढं जात नसत.