थालीपिठातली मोहरी

ईशा, नील,

गेल्या आठवड्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांनाही नाही. मग आत्ताच का? ईशा, तुझ्या प्रश्नामुळे. व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, उकडलेले बटाटे उरले तर किती दिवस चालतात?" मी फ्रिज उघडून डबे दाखवले. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर वार. बटाट्यांच्या डब्यांवर आणखी एक शब्द — एकावर 'साधे', दुसऱ्यावर 'फोडणीचे'. तू हसलीस. "अगं आजी, झाकण उघडलं की दिसतंच की!"

दिसतं. तरी मी लिहिते.

आधी तुझं उत्तर. बटाटे सालासकट उकडायचे, निवले की कोरडे करून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये — तीन दिवस. सोलायचे ते लागतील तेव्हाच. फोडणीची भाजी दुसऱ्या दिवशी पराठ्यात घालून संपवायची. वास आला तर टाकून द्यायचं, जीव अडकवायचा नाही. हे शेवटचं मला फार उशिरा जमलं. माझ्या हातून काही वाया जात नाही, याचा मला गर्व होता.

तुमचे बाबा तेव्हा तिसरीत होते. मी साताऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आष्ट्याजवळच्या घरी जायचो, माझ्या सासूबाईंकडे. ते घर चालवायची माझी धाकटी जाऊ, तुमची शालनआजी. तिचा नवरा फौजेत, त्या वर्षी बर्फातल्या चौकीवर. आत्याबाई — सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो — त्याच्यासाठी दर सोमवारी उपास करायच्या. उपासाला हळद नाही, मोहरी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

रविवारी पाहुणे होते, पुरीभाजी झाली. सोमवारी सकाळी पातेलंभर पिवळी भाजी शिल्लक. शालन गोठ्यात होती, जाताना म्हणाली, "अक्का, आत्याबाईंच्या थालीपिठाला बटाटं उकडून ठेवा." कच्च्या बटाट्यांची टोपली समोर होती. मग मी काय केलं?

मी भाजी धुतली.

हो — पातेल्यात पाणी घातलं, फोडी चोळल्या, पाणी ओतलं, पुन्हा धुतल्या. कढीपत्ता वेचला, मोहरी वेचली. फोडी फिकट पिवळ्या राहिल्या. त्या कुस्करून साबुदाणा, दाण्याचं कूट, मिरची घातली आणि मळून टाकलं. आळस होता? थोडा. पण खरं सांगू? मला मनातून गंमत वाटत होती. बी.ए. झालेली मी — मोहरीच्या दाण्यानं बर्फातल्या माणसाचं काय होणार आहे?

थालीपिठं शालननं लावली, तिनंच वाढली. दुसऱ्या घासाला आत्याबाईंनी तोंडातून काहीतरी काढून बोटावर धरलं.

"ही मोहरी न्हवं? आगं, पोरगं माझं तिकडं बर्फात हुबं हाय, आन् तुला येवढं भान न्हाई व्हय?"

शालन पांढरी पडली. "म्या फोडणीला हात बी लावला न्हाई, आत्याबाई. पीठ अक्कांनी मळलंय."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? आत्याबाई चार शब्द बोलल्या असत्या, दोन दिवस अबोला. इतकंच. आणि मी म्हणाले — शांतपणे, वर्गात बोलावं तशी — "माझ्या पिठात नव्हती. कालच्या तव्याला चिकटलेली असेल."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "थोरली शिकल्याली हाय. तिच्या हातनं आसं व्हायचं न्हाई."

पुढचे पंधरा दिवस चौकीवरून पत्र आलं नाही. पोस्टमन दारावरून पुढे गेला की आत्याबाई शालनकडे बघायच्या. नुसत्या बघायच्या. सुट्टी संपली आणि मी साताऱ्याला निघून आले. पत्र नंतर आलं, माणूसही सुखरूप आला. मी मात्र तोंड उघडलं नाही. आत्याबाई गेल्या, त्यांच्या तेराव्यालाही नाही.

ईशा, तुझ्या फोननंतर मी आष्ट्याची एसटी धरली आणि शालनला सगळं सांगितलं. ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "धुतलीसा? आवं अक्का, हळद कुटं धुऊन जाती व्हय!" मग हसणं थांबलं. "पंधरा दिस मी त्यो तवा राखेनं घासत हुते," ती म्हणाली. "रातीला वाटायचं, माझ्याच हातानं कुकू पुसलं का काय."

  तिनं चहा ठेवला, आम्ही प्यायलो.

परतताना मला गाढ झोप लागली, कराड कधी मागे गेलं कळलंही नाही. हलकं वाटतंय. तिला आठवण करून देऊन मी हलकी झाले, हेही मला दिसतं आहे. तरी वाटतंय, म्हणून लिहिते.

तिचा नवरा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं घरी आहे, ऊस बघतो. आत्याबाईंचा सोमवार आता शालन धरते. केळं खाते, दूध पिते. त्या दिवसापासून उपासाला तिनं बटाटा खाल्लेला नाही. मी फोन करून विचारलं — सांगून आले, तरी परवाच्या सोमवारीही नाही.

— आजी