पणजीचं माहेर शोधायला, भर फेब्रुवारीत

फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसत होते. व्हिटबीहून, सासूबाईंचा. आणि डॅनच्या नाही, माझ्या मोबाइलवर! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं मला थेट फोन केल्याचं आठवत नाही. वाटलं, गेलं कुणीतरी. कुणी गेलं नव्हतं, पण त्यांची थोरली बहीण आयलीन ग्वेल्फच्या वृद्धाश्रमात हळूहळू विझत चालली होती, आणि तिथली नर्स म्हणाली होती, यायचं तर लवकर या. सासूबाईंना आता हायवेवर गाडी झेपत नाही. मुलाला सांगायचं नव्हतं. "तू नेशील का?" एवढंच विचारलं.

ओळख करून देते, नाहीतर गोंधळ व्हायचा. मी नागपूरची, नवरा डॅन इथलाच, आम्ही ओटावाला राहतो. त्याच्या आईला मी तोंडावर मार्गरेट म्हणते आणि मनात सासूबाई. आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं ना!

झालं असं की डॅननं आमच्या लेकीसाठी, इरासाठी, घराण्याची वंशावळ करायला घेतली. इराची पणजी एथेल, म्हणजे सासूबाईंची आई. ती ग्वेल्फजवळच्या शेतकऱ्याची लेक, असं सगळे लहानपणापासून ऐकत आलेले. जुन्या जनगणनेची पानं सरकारी अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येतात. (तुम्हाला शोधायचं असेल तर गावाच्या नावानं शोधा, आणि शेजारची घरंही वाचा.) ख्रिसमसच्या जेवणानंतर डॅननं ते पान टीव्हीवर लावलं. टॉड नावाचा शेतकरी, त्याची बायको, दोन मुलगे आणि सगळ्यांत खाली एथेल. वय तेरा, जन्म इंग्लंड, घरातलं नातं: नोकर.

त्या काळी इंग्लंडमधली गरीब, पोरकी मुलं बोटीनं आणून इथल्या शेतांवर कामाला ठेवत. काही घरं बरी होती, काहींनी पोरांना गुरासारखं राबवलं. मोठेपणी हे लोक स्वतःच्या लेकरांनाही त्यातलं काही सांगत नसत. सासूबाईंनी गोडाची बशी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रेननं व्हिटबीला निघून गेल्या. एथेल नोकर होती हे पचलं असतं हो. पण त्यांना एकच प्रश्न खात होता: तेरा वर्षांच्या त्या पोरीशी कुणी मायेनं वागलं होतं का? हे सांगू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आयलीन.

ओटावा ते व्हिटबी. उन्हाळ्यात हा रस्ता चार-सव्वाचार तासांचा. फेब्रुवारीत निघाल तर विंटर टायर, काच धुवायच्या पाण्याचा जादा कॅन आणि भरपूर पेशन्स घ्या. किंग्स्टनच्या पुढे बर्फाचं असं वादळ आलं की समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी स्टिअरिंग घट्ट धरून मारुतीस्तोत्र म्हणत होते. हायवेवरच्या थांब्यावरची कॉफी गरम असते, याहून जास्त कौतुक मी करणार नाही. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या म्हणून निभावलं.

व्हिटबीला पोचले तर सासूबाईंनी सूप ठेवलं होतं. आम्ही हवेबद्दल बोललो. मग मी नेहमीसारखी खाली बेसमेंटमध्ये झोपायला गेले. तिथे पाहुण्यांचा बिछाना आहे, वॉशर-ड्रायरच्या शेजारी. रजई जाड असते, पण पाय गरम होत नाहीत ते नाहीतच.

व्हिटबी ते ग्वेल्फ. टोरंटोची गर्दी टाळायला टोलचा हायवे घेतला. नाका वगैरे नाही, नंबरप्लेटचा फोटो काढून बिल घरी येतं आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. सासूबाई मांडीवर पर्स धरून ताठ बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, आईच्या हातांना भेगा असायच्या, हिवाळ्यात रक्त यायचं. मला वाटायचं, म्हणाल्या, सगळ्यांच्याच आयांच्या हातांना असतात. मी वायपर जोरात केला.

वृद्धाश्रमात जाण्याआधी फोन करा. फ्लूची साथ असली की दारातूनच परत पाठवतात. आम्हाला मास्क देऊन आत सोडलं. आयलीन खिडकीशी बसली होती, चिमणीएवढी उरलेली. सासूबाईंनी ना कसं आहेस विचारलं, ना कोट काढला. त्यांना धीरच नव्हता. थेट विचारलं, आई नोकर होती हे तुला माहीत होतं? तिला मारायचे का ते लोक?

आयलीननं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटले. नर्स येऊन म्हणाली, आज पुरे.

बाप्पा, तो मोटेल! खोली स्वस्त होती म्हणून तक्रार करत नाही, पण हीटर रात्रभर धापा टाकत होता आणि सासूबाई रात्रभर कूस बदलत होत्या. मला त्यांचा रागही येत होता आणि भडभडूनही येत होतं. असं विचारतात का कुणी? पण त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच विचारलं असतं.

ग्वेल्फ, दुसरा दिवस. सकाळी सासूबाई दाराशीच अडल्या. तू जा आत, म्हणाल्या, मी बिघडवून ठेवते. मी गेले. आयलीनला दलिया भरवायची वेळ होती, चमचा मी घेतला. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आपल्याकडचं काहीबाही सांगत सुटले. आमच्यात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, म्हटलं, आईच्या घरी. तिथे तिला तेलपाणी करतात, डिंकाचे लाडू करतात, खाटेवरून उठू देत नाहीत. इथे अशी काही रीत नाही हे मला ठाऊक आहे. पण जन्माची खोड, तोंडातून निघूनच गेलं:

"तुम्ही थोरल्या. म्हणजे तुमचा जन्म आईच्या माहेरचा. कुठे झाला?"

आयलीननं चमचा बाजूला सारला. माझ्याकडे नीट बघितलं, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"मिसेस टॉडच्या पलंगावर," ती म्हणाली.

मी धावत जाऊन सासूबाईंना आत ओढलं. आयलीन सावकाश, थांबत थांबत बोलत राहिली. एथेलचं लग्न होऊन ती गावात राहायला गेली होती. दिवस भरत आले तसं नवरा म्हणाला, इथे डॉक्टर जवळ आहे, इथेच राहा. तिनं ऐकलं नाही. बर्फातून हट्टानं टॉडांच्या शेतावर गेली. मिसेस टॉडनं तिला वरच्या मजल्यावर स्वतःच्या पलंगावर निजवलं आणि आपण महिनाभर खाली स्वयंपाकघरात कोचावर झोपली. नोकर होती का? होतीच. पहाटे गाई, रात्री भांडी. मिस्टर टॉड तर तिला नावानं हाकही मारत नसे. हेही आयलीननं सांगितलं, काही गोड केलं नाही. आईनं शपथ घातली होती, म्हणाली, धाकटीला सांगू नकोस, तिला लाज वाटेल.

सासूबाईंनी विचारलं, "निघताना आई बाबांना काय म्हणाली होती?"

"म्हणाली, मी घरी जाते."

सासूबाईंनी पुन्हा विचारलं. आयलीननं पुन्हा सांगितलं, घरी. मग दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या, आणि मी उरलेल्या दलियाकडे बघत नाक पुसत होते.

शेत गावाच्या उत्तरेला, अर्ध्या तासावर आहे. घर अजून उभं आहे, टपालपेटीवर नाव दुसरंच. मी म्हटलं, बेल वाजवू? सासूबाई नको म्हणाल्या. वरच्या खिडकीकडे बघत गाडीतच बसून राहिल्या, काच धुरकटली की हातमोज्यानं पुसायच्या. मागचं दार दिसतंय का, म्हणाल्या, शेतावर घरची माणसं तिथूनच आत जातात. नोकर पण तिथूनच जात असतील, असं माझ्या मनात आलं. त्यांच्याही आलं असणार.

परत. व्हिटबी जवळ आल्यावर सासूबाईंनी अचानक विचारलं, इराच्या वेळी तुला घरी जायचं होतं का? मी हो म्हटलं. नागपूरला. जाता आलं नाही, आणि आईचा व्हिसाही वेळेत झाला नाही. खूप रडले होते मी तेव्हा. त्या म्हणाल्या, मला कुणी सांगितलंच नाही. खरंच आहे, कोण सांगणार होतं?

रात्री मी बॅग घेऊन बेसमेंटच्या जिन्याकडे वळले तर त्यांनी बॅग धरली. "तिकडे नाही. वर." वर त्यांच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातली होती, उशाशी पाण्याचा ग्लास. त्या स्वतः हॉलमधल्या कोचावर झोपल्या. मी नाही-नाही म्हणून पाहिलं. ऐकेल ती सासू कसली! त्या रात्री पाय गरम झाले.

ओटावाला पोचल्यावर डॅननं वंशावळ उघडली आणि एथेलच्या जन्मगावापुढे काय लिहू विचारलं. ते अजूनही माहीत नाही. इंग्लंडातलं कुठलं गाव, कोण आईबाप, कुणी तिला बोटीत बसवलं, काहीच नाही. कदाचित कळणारही नाही, आणि ते सलतं. मी त्याला ती जागा रिकामी ठेवायला सांगितली, आणि आयलीनच्या नावापुढे टॉडांच्या शेताचा पत्ता लिहायला लावला.

परवा सासूबाईंचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. आयलीन थोडं जेवतेय म्हणाल्या. मार्चअखेरीस रस्ते बरे होतील, घरी कधी येतेस? डॅनबद्दल काही विचारलं नाही.