माझ्यावर औषध चाललं नाही

"बाई, तुमच्या जंतूंवर हे इंजेक्शन चालत नाही," नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला वाटलं, त्यांनी दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट उचललाय.

टीबी आहे हे एक्स-रेत आधीच कळलं होतं. स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज घेत होते, गोळी एकही चुकवली नव्हती. तरी ताप उतरेना, थुंकीतलं रक्त थांबेना. मग थुंकी पुण्याला पाठवली. त्याला स्पुटम कल्चर म्हणतात. थुंकीतले जंतू काचेच्या नळीत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. हे जंतू फार सावकाश वाढतात. अख्खा उन्हाळा वाट बघण्यात गेला.

"जंतू रेझिस्टंट आहेत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे औषधाला दाद न देणारे.

"पन मी तर जन्मात पयल्यांदाच सुई घेतली!"

"घरात आधी कुणाला टीबी झाला होता?"

माझे मालक खाली बघायला लागले. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊजी, आदल्या वर्षी आजारी होते. इंजेक्शनं सुरू झाली, खोकला गेला, अंग भरलं. दुष्काळ पडलेला, आमच्या कोल्हार गावाहून ते खडी फोडायच्या कामावर गेले आणि दवाखाना सुटला. पुढं घरी परतल्यावर पुन्हा खोकू लागले, तर आम्हाला वाटलं, दगडाची धूळ.

डॉक्टरांनी समजावलं, "फुप्फुसात असंख्य जंतू असतात. त्यातले थोडे मुळातच चिवट. औषध आधी कच्चे मारतं, म्हणून माणसाला बरं वाटतं. मधेच सोडलं की चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. तेच खोकल्यातून तुमच्यात आले."

भाऊजींनाही भरती केलं. त्यांची दोन्ही फुप्फुसं पोखरलेली, ऑपरेशन शक्यच नव्हतं. एकदा व्हरांड्यात लांब उभे राहून म्हणाले, "वयनी, मला बरं वाटत हुतं. म्हनून सोडलं."

रागवायला बळ नव्हतं, आणि तो माणूस रागवण्याजोगाही नव्हता.

माझी चार वर्षांची मुलगी राहात्याला आईकडे ठेवली होती. एकदा तिला दवाखान्याच्या खिडकीबाहेर आणून उभं केलं. मी हात केला नाही. केला असता तर ती आत धावली असती.

माझा आजार एकाच बाजूला होता. पुण्याला नेऊन फुप्फुसाचा खराब भाग काढला. दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पाणीसुद्धा पोटात ठरेना. माझे टाके सुकत होते तेव्हा भाऊजी गेले. मला ते घरी आल्यावर सांगितलं.

मी जगले, हे डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार. ज्यांच्या घरी टीबी आहे त्यांना एवढंच सांगते. भूक लागायला लागली, खोकला थांबला, अंग भरलं, की तेव्हा औषधाला जास्त जपा. आमचे भाऊजी त्याच दिवसांत सगळ्यात खुशीत होते.