मुकबिलचा डावा गाल

तैझच्या डोंगरातल्या त्या गावात पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की लोक मुकबिलकडे येत. दुपारचं जेवण उरकून माणसं त्याच्या वरच्या खोलीत लोडांना टेकायची, तरतरी आणणारा हिरवा कोवळा पाला खुडून चघळत डाव्या गालात साठवायची आणि मुकबिल गाल फुगवून निवाडा द्यायचा. "रिकाम्या गालाचा शब्द हलका," असं तो म्हणे. त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

मग बाजारात तोफेचा गोळा पडला. त्यात मुकबिलचा डावा गाल आणि अर्धा जबडा गेला.

अम्मानच्या इस्पितळात त्याच्या पायाच्या हाडाचा जबडा केला आणि मांडीच्या कातडीचा गाल. त्या कातडीवर केस उगवले, तेही तोंडाच्या आत. "जगाची दाढी बाहेर, माझी आत," असं सांगून तो शेजारच्या खाटांना हसवायचा. पण डॉक्टर रीम आली की त्याचा एकच प्रश्न असायचा.

"मुली, पाला मावेल ना?"

"काका, आधी पाणी तर नीट प्या! आणि चघळायचाच असेल तर उजव्या गालात चघळा."

"उजव्या? लोक हसतील मला."

ती गंभीर झाली. "या गालाला काही कळणार नाही, काका. गरम नाही, गार नाही, ओलं नाही."

त्याने मान डोलावली. गाल मिळणार, एवढंच त्याने ऐकलं होतं.

तो घरी परतला, तेव्हा धाकटा भाऊ शायिफ बैठक चालवत होता. भावाने उठून त्याला जागा दिली. पाहुण्यांकडे पाल्याच्या डहाळ्या टाकल्या जात होत्या. मुकबिलकडे मात्र कुणी टाकेना. त्याच्यापुढे चहा आला.

"मी काय बाळंतीण आहे?" म्हणत त्याने स्वतःच जुडी ओढली आणि गाल भरला.

त्या दिवशी गावातल्या गानिमचं पुतण्याशी पाण्यावरून भांडण होतं. मुकबिल बोलू लागला. हळूहळू खोली गप्प झाली. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला वाटलं, जुने दिवस आले. तो आणखी रंगून बोलला. कुणाच्या आजोबाने कोणता पाट खणला, इथपासून त्याने सगळं मांडलं.

तेवढ्यात शायिफ पुढे वाकला आणि आपल्या उपरण्याच्या टोकाने त्याने भावाची हनुवटी पुसली. लहान मुलाची पुसावी तशी. उपरणं हिरवं झालं. मुकबिलने खाली पाहिलं. पांढरा सदरा पोटापर्यंत हिरवा झाला होता.

"बरोबर बोललात दादा, अगदी बरोबर," गानिम घाईघाईने म्हणाला आणि शायिफकडे वळला. "मग शायिफभाऊ, तू काय म्हणतोस?"

शायिफने तोच निवाडा दिला, जवळजवळ त्याच शब्दांत. तो सगळ्यांना पटला.

मुकबिल खाली आला तेव्हा बायको चुलीपाशी होती. तिने सदऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "कशी झाली बैठक?"

"चांगली झाली," तो म्हणाला. "शायिफ बरा बोलतो."