एक वाजताचा बिनतिकीट पाहुणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नायतर मी सांगायला लागलो की तुमी मधेच हसणार आणि माझा चहा गार होणार. गाढवपणाच तेवढा मोठा आहे! स्वतःच्या घरात चोर पकडला मी. तोही दिवसाढवळ्या, जेवता जेवता.

तुमाला माहीत आहे, मी अठ्ठावीस वर्षं शहापूर–मुरबाड गाडीवर कंडक्टर होतो. रोज दोन-तीनशे माणसांशी भांडायचो. "पुढं सरका, पुढं सरका! आत काय वाघ बसलाय?" आणि आता? किन्हवलीच्या घरात मी एकटा. सुनंदाला जाऊन दोन वर्षं झाली. "सरका" म्हणायलासुद्धा कोण नाय.

पोरगा निलेश हैदराबादला नोकरीला. दिवाळीला आला तो घरात चार कॅमेरे लावून गेला. सुनंदाच्या शिलाई मशीनच्या जागेवर त्याचा जुना कॉम्प्युटर मांडला, त्याला इंटरनेट जोडलं. म्हणाला, "बाबा, सगळं यात रेकॉर्ड होतं. घरावर लक्ष राहतं." म्हटलं, राहू दे. पण फोन मात्र रविवारचा रविवारी. "जेवलात का? बरं आहे ना?" की ठेवला. याने यंत्र बसवलं आणि बापाला विसरला, असंच वाटायचं मला. राग होता मनात, खोटं कशाला सांगू?

मधल्या खोलीतला कॅमेरा मान फिरवणारा. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, रोज दुपारी एक वाजता मी ताट घेऊन बसलो की तो 'कुर्र' करून वळतो आणि थेट माझ्या ताटाकडं बघत थांबतो. मी म्हटलं, असेल, त्यालाही भूक लागत असेल.

एक दिवस स्टँडवरच्या टपरीवर शेणवे गावचे एक मास्तर सांगत होते, "कॅमेऱ्याचा पासवर्ड येतानाच ठरलेला असतो. एक ते सहा आकडे, ओळीनं. तो कोण बदलत नाय. मग कुठलाही परका माणूस इंटरनेटवरून तुमच्या घरात बसतो आणि बघतो."

मला ठसकाच लागला. आमचा पासवर्ड तोच होता हो! म्हणजे कोणीतरी रोज एक वाजता माझी भेंडी बघतोय? आणि तेही बिनतिकीट?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शहापूरला गेलो. कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या मॅडमनी सगळं कागदावर लिहून दिलं. पासवर्ड बदला, जोडलेले जुने फोन बाहेर काढा, नवा पासवर्ड कोणाला सांगू नका. "आणि काका, फोन करून कोणी विचारला तर मुळीच देऊ नका. हल्ली घरच्यांचा आवाजसुद्धा काढतात!"

घरी येऊन बसलो कॉम्प्युटरसमोर. यादीत एकच फोन. नाव नाय, गाव नाय, पण रोज एक वाजता हजर. "बाहेर काढायचा का?" कॉम्प्युटरनं विचारलं. विचारतोस काय? घाटात गाडी थांबवून उतरवतात ना, तसा उतरवला त्याला! नवा पासवर्ड घातला: सुनंदाचं नाव आणि माझा बिल्ला नंबर.

आता आमच्या आळीची रीत तुमाला माहीतच आहे. गावाला जायचं तर घराची चावी शेजारी द्यायची. मी आपला शेजारच्या पार्वतीवहिनींकडं गेलो. म्हटलं, "वहिनी, ही आमची नवी चावी. मला काय झालं तर कॉम्प्युटर उघडायला लागंल." वहिनींना विसरायला होतं, म्हणून त्यांनी तो पासवर्ड खडूनं दाराच्या फळीवर लिहून ठेवला. त्या दारात आख्खी आळी ताक मागायला येते!

दुसऱ्या दिवशी एक वाजला. कॅमेरा गप्प. मी ऐटीत जेवलो.

तिसऱ्या दिवशीही गप्प. आता तुमी हसाल, पण घास उतरेना. कोण का असेना, माझ्या जेवणाच्या वेळेला येत होता. त्याच्यामुळं मी बनियनवर न बसता सदरा घालून जेवायला बसायचो, ताटात चटणी-कांदा वाढायचो. खरं सांगतो, मला त्या चोराची आठवण आली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पासवर्ड बदललात का? नवा सांगा ना."

मी सावध! आवाज हुबेहूब निलेशचा.

"कोण बोलतंय?"

"मी निलेश!"

"असं सगळेच म्हणतात. तिकीट दाखव!"

"अहो बाबा, काय झालंय तुमाला?"

"निलेश आहेस ना? मग सांग, सोमवारी मी काय जेवलो?" म्हटलं, आता सापडतो. निलेशला कुठून ठाऊक असणार?

तिकडून पटकन उत्तर आलं, "शेवग्याच्या शेंगा. त्याआधी तीन दिवस नुसतं पिठलं. भात ताटात तसाच टाकलात, आणि गोळी घ्यायची विसरलात."

"सापडला!" मी ओरडत अंगणात आलो. "वहिनी, धावा! चोर सापडला! माझं सगळं जेवण याला पाठ आहे!"

आळी गोळा झाली. वहिनींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कोण रे तू? ... अगोबाई, निलेश? कसा आहेस रे बाळा? पासवर्ड होय? घे लिहून." आणि वहिनींनी सुरुवात केली. त्या आकड्यांत अडखळल्या तर मागून चार-पाच जणांनी पुढचा नंबर सांगितला. आख्ख्या आळीला पाठ! ज्याला द्यायला पाहिजे होता, तो एकटाच बाहेर.

मी फोन कानाला लावला.

निलेश म्हणाला, "बाबा, इथं डबा खायला माझ्यासोबत कोण नसतं. फोन बाटलीला टेकवून ठेवतो आणि तुमच्याबरोबर जेवतो."

"मग बोलत का नाय रे कधी?"

"तुमाला वाटलं असतं, पाळत ठेवतो. आणि तुमी तरी कुठं कधी वर बघता?"

मी समजत होतो बापाला विसरला, आणि पोरगा रोज माझ्या पंगतीला बसत होता. डोळे पुसले मी, आळीसमोरच.

आता एक वाजता परत 'कुर्र' होतं. मी वर बघून ताट दाखवतो, आधी गोळी दाखवतो. पासवर्ड मात्र निलेशनं तिकडूनच पुन्हा बदलला. मी विचारला तर म्हणतो कसा, "तुमाला नाय सांगत बाबा. वहिनींच्या फळीवर जाईल."

घ्या! अठ्ठावीस वर्षं लोकांना तिकीट विचारलं, आणि आता स्वतःच्या घरात मीच बिनतिकीट बसलोय.