वामनकाकांचं चाकांवरचं घर

वामनकाका सावंत परळच्या आमच्या चाळीच्या अंगणात खडूने गाड्या आखायचे. पुऱ्या मापाच्या. मग सुधाकाकूंना आत उभं करून म्हणायचे, "ह्यो तुझो ओटो. हात पुरता काय बघ." काकू मुकाट्याने हवेत हात पुढे करायच्या.

चाळ पाडायची नोटीस लागली होती. बाकीचे भाड्याच्या खोल्या शोधत होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले काका गाडी शोधत होते. मूलबाळ नव्हतं. "बिल्डरच्या चावीची वाट कित्याक बघू? घर घेवनच फिरतलंय!" काकूंना वडाळ्याला खोली हवी होती. तसं त्या एकदाच बोलल्या.

गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर काकांनी आधी खोडलं. मागे घेताना त्याचं शेपूट सांभाळणं कठीण. छोट्या व्हॅनमध्ये काकूंना ताठ उभं राहता येईना. शेवटी जुनी मिनीबस घेतली आणि भायखळ्याच्या गॅरेजात तिच्यात दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली.

त्याच दिवसांत मी त्यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला आणि त्यांच्या कोपराने तो सांडला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, गाडी चालवायची नाही.

"बाय, सुधाक सांगू नको. रस्तो माझ्या हातात आसा."

इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी काकूंना सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. गाडी अंगणातून बाहेर काढायला काकू डावीकडे, भिंतीशी उभ्या राहून हात दाखवत होत्या. काकांनी गाडी हलवली आणि ती सरळ त्यांच्याच अंगावर निघाली. मी किंचाळले, "काका, थांबा!"

ब्रेक लागला. काकू भिंत आणि गाडी यांच्यामध्ये होत्या. मनगट चेचलं होतं. काका उतरून वळसा घालून आले तेव्हा कुठे त्यांना त्या दिसल्या.

"सुधा, खंय होतंस?"

"हयंच. तुमच्या समोर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या आधी मीच किंचाळले होते, ते त्यांनी ऐकलं होतं.

"ह्यांना दिसत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

मी मान डोलावली.

प्लॅस्टर निघायच्या आधीच गाडी विकून ते वडाळ्याला गेले. पत्ता चाळीत सगळ्यांकडे आहे. मी अजून कुणाकडे मागितलेला नाही.