न फुटलेली मूठ

मार्च १९६६, शनिवार दुपार. हजर: शेठ, केमिस्ट, प्रेस चालवणारी विचुंबे गावची मावशी आणि मालाची नोंद ठेवणारी मी. पनवेलच्या आमच्या शेडमध्ये तव्यांच्या बेकलाइट प्लास्टिकच्या मुठी प्रेसमध्ये दाबून बनत. कडक असत, पण हातातून पडल्या की काचेसारख्या फुटत; गिऱ्हाइकांनी सगळा माल परत पाठवला होता. त्या दिवशीची मूठही फुटली तर शेठ सोमवारपासून प्रेस बंद करणार होते. केमिस्टने या वेळी बेकलाइटच्या पावडरीत रबराची भुकटी मिसळली होती. शेडभर कार्बोलिकचा उग्र वास, त्यात जळक्या रबराचा. मूठ घेऊन शेठ स्टुलावर चढले, तशी मी केरसुणी घेऊन उभी राहिले. “ताई, निकालाआधीच झाडू?” केमिस्ट कुरकुरला. मूठ शहाबादी फरशीवर आपटली, उसळली आणि अख्खीच्या अख्खी मावशीच्या पायाशी आली. शेठना खरं वाटेना. त्यांनी ती पुन्हा टाकली, मग चिडून फेकली. मावशी म्हणाली, “शेट, आता फरशी फुटंल, ही नाय.” शेठ हसतच खाली उतरले. “सोमवारी सगळ्यांनी वेळेवर या.” इतक्या वर्षांनंतरही ती मूठ माझ्याच तव्याला आहे. आज सकाळी तवा जास्त तापला आणि तोच वास आला. मूठ शाबूत आहे, डुगडुगते तेवढी. स्क्रू आवळायचा अजून राहिलाय.